‘कशाचं मिक्स आहे, ताई?’

दत्तकासाठी मांजराचा फोटो कुणाला पाठवला की पहिला प्रश्न वयाचा नसतो, तब्येतीचा नसतो, ते अंगाला हात लावू देतं का हाही नसतो. ‘कशाचं मिक्स आहे, ताई?’ हा असतो. केस लांब असले तर उत्तर प्रश्नातच येतं: ‘पर्शियन मिक्स ना?’ राखाडी असलं तर रशियन ब्लू, अंगावर ठिपके असले तर बेंगाल, कानांच्या टोकांना चार केस जास्त असले तर मेन कून, आणि तोंड काळपट नि डोळे निळे असले की सयामी. एवढ्या नावांत जगातली सगळी मांजरं बसवून टाकायची.

आम्ही काही जण मिळून रस्त्यावर, गोदामांत, अर्धवट बांधकामांत सापडलेली मांजरं बरी करतो, नसबंदी करून घेतो आणि त्यांना घरं शोधून देतो. त्यांची माहिती लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय. शाळेत वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवल्यामुळे हा मिक्सचा प्रश्न मला नुसता ऐकून सोडून देता येत नाही. शिवाय अंदाज बांधायला मलाही आवडतं, अगदी मनापासून आवडतं. फक्त तो कशावरून बांधावा याबद्दल माझी काही ठाम मतं आहेत. ती एकदाची लिहून काढते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवून मोकळी.

‘मिक्स’ म्हणण्यात एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. आधी शुद्ध जाती होत्या, मग त्यांतली काही मांजरं इकडेतिकडे भरकटली आणि त्यांच्या सरमिसळीतून हे गल्लीतलं मांजर झालं, असं काहीतरी. कुत्र्यांवरून आपण हे उचललंय. माणसाने कुत्रे कामासाठी घडवले. राखणीचा वेगळा, शिकारीचा वेगळा, मेंढ्या वळणारा वेगळा. मांजराकडून माणसाला एकच काम हवं होतं, धान्यावरचे उंदीर मारणं, आणि ते त्याला आधीपासून येत होतं. सुधारण्यासारखं काही नव्हतंच.

सायप्रसमध्ये सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने दाखवलं की जगभरची पाळीव मांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजरांपासून आली. म्हणजे सोबत हजारो वर्षांची. आणि जाती? लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर या गृहस्थांनी मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरवलं ते १३ जुलै १८७१ रोजी. त्यानंतर प्रत्येक जातीचं वर्णन ठरलं, नोंदवह्या आल्या, वंशावळी लिहिल्या जाऊ लागल्या. आज ज्यांना आपण ब्रीड म्हणतो त्यांतल्या बहुतेक सगळ्या या तारखेनंतर आकाराला आल्या, आणि त्या आल्या साध्यासुध्या मांजरांतूनच. १९५० मध्ये कॉर्नवॉलमधल्या एका साध्या मांजरीच्या वेतात कुरळ्या केसांचं एक पिल्लू निघालं, त्यावरून कॉर्निश रेक्स. १९६१ मध्ये स्कॉटलंडच्या पर्थशरमधल्या एका शेतावर दुमडलेल्या कानांची सूझी नावाची पांढरी मांजर कुणाच्या तरी नजरेस पडली, तिच्यावरून स्कॉटिश फोल्ड.

तेव्हा बाण उलट्या दिशेला आहे. गल्लीतली मांजरं जातींच्या मिश्रणातून झालेली नाहीत. जाती गल्लीतल्या मांजरांतून वेचून काढलेल्या आहेत. तुमच्या मांजरात आणि एखाद्या मानाच्या पर्शियनमध्ये काही सारखं दिसलं, तर पर्शियनचं रक्त तुमच्या मांजरात आलं असण्यापेक्षा दोघांनाही ते एकाच जुन्या साठ्यातून मिळालं असण्याची शक्यता जास्त. पर्शियनचं तर नावही फसवं. हजाराहून अधिक मांजरांचे नमुने घेऊन केलेल्या २००८ च्या एका अभ्यासात पर्शियनचं जवळचं नातं पश्चिम युरोपातल्या साध्या मांजरांशी निघालं, इराणच्या बाजूच्या मांजरांशी नाही.

नुसत्या केसांवरून वा रंगावरून जात सांगणं हे एखाद्याच्या कुरळ्या केसांवरून त्याचं आडनाव सांगण्यासारखं आहे. बरोबर येईलही कधीतरी. पण आडनाव कागदावर असतं, केसांत नसतं.

आता लांब केस घेऊ, कारण सर्वाधिक भांडणं त्यावरूनच होतात.

आमच्याकडे झिपरी नावाची एक मांजर आली होती. नाव अर्थातच आम्ही ठेवलेलं. पोटाखाली, काखेत, मांड्यांमागे जटा इतक्या घट्ट की तिला पाय नीट टाकता येईना. फोटो पाहूनच एका कुटुंबाने ‘ही पर्शियन आम्हाला ठेवा’ म्हणून सांगून टाकलं. डॉक्टरांनी तिला गुंगी देऊन सगळी भादरली. जटांचा गठ्ठा बाजूला पडला आणि आतून निघाली एक सडपातळ, पर्शियनसारख्या चपट्या नव्हे तर लांबट तोंडाची, मोठ्या कानांची, अगदी चारचौघींसारखी मांजर. चेहऱ्यावरचे केस तेवढे शिल्लक, त्यामुळे कुणाचातरी मुखवटा घातल्यासारखी दिसत होती. ते कुटुंब भेटायला आलं, त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ‘केस परत येतील,’ मी म्हटलं. ‘पण नाक आहे तेवढंच राहील.’ गृहस्थ जरा हिरमुसले. त्यांच्या मुलीने मात्र तोवर झिपरीला मांडीवर घेतलं होतं आणि विषय तिथेच संपला.

मांजराचे केस आखूड की लांब हे मुख्यतः एका जनुकावर ठरतं. त्यात बिघाड झाला की केसांची वाढ वेळेवर थांबत नाही. हा बिघाड अप्रभावी आहे, म्हणजे आईकडून आणि बापाकडून अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या तरच केस लांब होतात. एकच मिळाली तर मांजर दिसायला आखूड केसांचं, पण प्रत पोटात बाळगून. अशी दोन आखूड केसांची मांजरं एकत्र आली तर प्रत्येक पिल्लू झिपरं निघण्याची शक्यता चारात एक. मग लोक म्हणतात, ‘आई तर साधी आहे, बाप नक्की पर्शियन असणार.’ बाप पलीकडच्या छपरावरचा तोच तो कानफाटका बोका असतो. त्याच्या अंगावर एकही लांब केस नसतो आणि पोरांमधून मात्र त्याची पणजी डोकावत असते.

लांब केसांचं, कानांत झुपके असलेलं, शेपटी झाडूसारखी फुललेली असं मांजर दिसलं की मेन कूनचं नाव निघतं. कानांतले आणि कानांच्या टोकांवरचे झुपके साध्या मांजरांतही सर्रास असतात. कपाळावर इंग्रजी एमसारखी खूण आहे म्हणूनही मला फोटो येतात. ती प्रत्येक पट्टेरी मांजराच्या कपाळावर असते, अपवाद नाही. मेन कून ओळखायचं तर चौकोनी, जड जबडा बघा, हाडापेराने भक्कम अंग बघा, आणि थांबायची तयारी ठेवा, कारण ती जात तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत वाढत राहते. तीन महिन्यांच्या पिल्लाच्या फोटोवरून ‘मेन कून मिक्स’ ठरवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.

राखाडी रंगाची गोष्ट थोडक्यात. काळा रंग पातळ करणारं एक अप्रभावी जनुक आहे. रंगाचे कण केसात नीट पसरण्याऐवजी गोळा होतात आणि काळं मांजर राखाडी दिसतं, केशरी मांजर फिकट साईच्या रंगाचं दिसतं. ते जगभर साध्या मांजरांत आहे. रशियन ब्लू म्हणजे त्या रंगासोबत दाट दुहेरी लव, केसांच्या टोकांवर चंदेरी झाक, गर्द हिरवे डोळे आणि विशिष्ट ठेवणीचं डोकं. नुसता रंग म्हणजे नुसता रंग.

पण राखाडी पिल्लांमध्ये एक चकवा असतो. काजळी हे नाव मी मुद्दाम ठेवलं होतं, सगळे हसले होते, कारण पिल्लू होतं चांदीसारखं. पाठीवर धुरकट, पोटाकडे जवळपास पांढरट. त्याच्या आईला ती गाभण असताना आम्ही तापाने फणफणलेल्या अवस्थेत आणली होती. आई गाभणपणात आजारी असली, फार ताणाखाली असली तर काही वेळा पिल्लांच्या केसांत रंग नीट उतरत नाही. याला फीव्हर कोट म्हणतात. पिल्लाला त्याचा काही त्रास नसतो. मी काजळीच्या माहितीत लिहिलं होतं, ‘सध्या चंदेरी, पुढे काळा होण्याचा दाट संभव.’ नेणाऱ्यांनी ते वाचलं, मान डोलावली, आणि घरी जाऊन सगळ्यांना रशियन ब्लू आणला म्हणून सांगितलं. मग डोक्यापासून सुरुवात झाली. कानांमागे काळं, मग मानेवर, मग पाठीवर एक पट्टा, आणि मागच्या पायांवर चांदी सगळ्यात शेवटपर्यंत टिकून होती. काही आठवडे तो चांदीची विजार घातल्यासारखा हिंडत होता. वर्षाच्या आत कुळकुळीत. आता मला त्याचे फोटो येतात ते ‘बॉम्बे कॅट असेल का हो?’ या प्रश्नासकट. (बॉम्बे ही काळ्याभोर मांजरांची जात.)

ठिपके आणि पट्ट्यांवर फार वेळ घालवत नाही. माशाच्या काट्यासारखे उभे पट्टे ही रानमांजराकडून आलेली जुनी नक्षी. ते पट्टे तुटले की ठिपके दिसतात, त्यासाठी बेंगाल लागत नाही. बेंगालच्या ठिपक्यांत दोन रंग असतात, कडा गडद आणि आतला भाग वेगळा. मोठमोठी वेटोळी असलेली नक्षी मात्र नंतरची आहे. जुन्या हाडांमधल्या डीएनएवर २०१७ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वेटोळ्यांचं जनुक मध्ययुगाच्या आधी सापडलंच नाही. ते दिसू लागतं चौदाव्या शतकापासून, ऑटोमन मुलखात. आज ते इतकं पसरलंय की त्यावरून कुठल्याही जातीचा माग काढता येत नाही. केशरी बोक्यांना तर कुणी जात विचारत नाही, त्यांचा स्वभाव विचारतात. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं हे मी मुलांना कित्येक वर्षं शिकवलं, पण ते नेमकं कोणतं आणि त्यात काय झालंय हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं: डीएनएचा एक छोटा तुकडा गळालेला आहे. निवृत्तीनंतर असं काही वाचलं की फळ्याची फार आठवण येते.

सयामी रंगाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण इथे अंदाजाला थोडा तरी आधार आहे.

हा रंग म्हणजे अंगावर बसवलेला तापमापक. रंग तयार करणारं विकर (एन्झाइम) या मांजरांत असं बदललेलं असतं की ते उबेत काम करत नाही, गारव्यात करतं. म्हणून अंग फिकट आणि कान, तोंड, पाय, शेपूट ही गार टोकं गडद. आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब, म्हणून पिल्लं जन्मतात पांढरीशुभ्र. आमच्याकडे एका साध्या काळ्या-पांढऱ्या मांजरीला असं एक पांढरं पिल्लू झालं. भावंडं काळी, बांडी. थोड्या दिवसांनी त्याच्या कानांच्या कडा मळल्यासारख्या दिसायला लागल्या. आमच्यातल्या एकीने ओल्या कापसाने त्या पुसायचा प्रयत्न केला. पुसून जाईना. मग नाक मळलं, मग शेपटीचं टोक. पुढे नसबंदीच्या वेळी तिच्या कुशीवरचा जो चौकोन भादरला होता तिथले नवे केस गडद आले, कारण उघडी पडलेली कातडी गार राहिली होती. पुढच्या वेळी केस गळून नवे आले तेव्हा चौकोन नाहीसा झाला.

हेही अप्रभावी जनुक. म्हणजे ती काळी-पांढरी आई आणि जो कुणी बाप होता तो, दोघेही त्याची एकेक प्रत बाळगून होते. आग्नेय आशियातल्या साध्या मांजरांत हे जनुक पूर्वापार आहे. इतरत्र ते बहुधा तिथून नेलेल्या मांजरांच्या वंशातून पसरलं. म्हणून अशा पिल्लाबद्दल ‘कुठेतरी मागे, दोन्ही बाजूंना, सयामी वळणाचा पूर्वज असावा’ असं मी लिहू शकते. कुठेतरी मागे म्हणजे आजी असेल किंवा खापरखापरपणजी. एकच जनुक पिढ्यानपिढ्या गुपचूप प्रवास करतं. त्याच्यासोबत निघालेलं बाकीचं सयामीपण, ते लांबुडकं तोंड, ती सडसडीत काया, वाटेत केव्हाच गळून गेलेलं असतं. ही आमची मांजर तोंडाने गोल आणि अंगाने गोटा होती. घरभर ओरडत फिरायची हे खरं, पण तिचं काळं भावंड तिच्यापेक्षा जास्त ओरडायचं.

यावरून मी माझ्यापुरता एक नियम केलाय. जी गोष्ट एका जनुकाने ठरते ती पुरावा म्हणून हलकी. रंग, केसांची लांबी, नक्षी, पांढरे मोजे, सगळं यात आलं. जी अनेक जनुकांनी मिळून ठरते ती वजनदार: कवटीची ठेवण, जबडा, हाडांची जाडी, एकूण बांधा. अशा गोष्टी लांबच्या पूर्वजाकडून अख्ख्या उतरत नाहीत, त्या जवळच्याकडून येतात. म्हणून खरोखर चपट्या नाकाचं, डोळ्यांतून सतत पाणी गळणारं, डोकं नारळासारखं गोल असं मांजर रस्त्यावर सापडलं तर मीही पर्शियन म्हणते, आणि जवळच्या पिढीतलं म्हणते. बहुधा कुणीतरी विकत आणून सोडून दिलेलंच असतं ते, आणि त्याबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अंदाज करायचा असेल तर केसांकडे बघूच नका. मांजराला आंघोळ घाला. भिजलेलं मांजर खोटं बोलत नाही. (शिव्या देतं.) बाजूने बघा, कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतची रेघ बघा, हनुवटी दोन बोटांत धरून बघा, खांद्यांचं हाड चाचपून बघा.

एवढं करूनही मांजर हातावर तुरी देऊ शकतं. टेक्सासमधल्या ए अँड एम विद्यापीठात २२ डिसेंबर २००१ रोजी जगातलं पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्मलं, तिचं नाव सीसी. जिच्या पेशीतून ती बनवली ती रेनबो तिरंगी होती: पांढरी, काळी आणि केशरी. सीसीच्या अंगावर केशरीचा ठिपकाही नव्हता. तिरंगी मांजरीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद असतं, आणि सीसी ज्या पेशीतून आली तिथे केशरीवालं बंद होतं, ते बंदच राहिलं. जनुकं तीच, अंगरखा निराळा. प्रत्यक्ष आपल्याच प्रतिकृतीला जी ओळखू येणार नाही, तिच्या आजोबांची जात आपण फोटोवरून सांगायला निघतो. भर म्हणून हेही: एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. ‘भाऊ पर्शियनसारखा आहे म्हणजे हीसुद्धा अर्धी पर्शियन’ हा हिशेब तिथेच कोसळतो.

आमच्या डॉक्टर या सगळ्या चर्चेला कंटाळल्या आहेत. त्यांच्या नोंदीत ‘डोमेस्टिक शॉर्टहेअर’ किंवा ‘डोमेस्टिक लाँगहेअर’ एवढंच असतं, म्हणजे आखूड केसांचं साधं आणि लांब केसांचं साधं. त्या म्हणतात, मला वजन सांगा, वय सांगा, काय खाल्लं ते सांगा. पण काही ठिकाणी त्याही कान टवकारतात. दुमडलेल्या कानांचं एक मांजर आलं तेव्हा सगळ्यांनी ‘फोल्ड, फोल्ड’ म्हणून गलका केला. डॉक्टरांनी कान उलटून बघितला. जुन्या मारामारीत आत रक्त साकळून कान सुरकुतून गेला होता, आणि दुसरा कान ताठ होता. त्यांना हायसं वाटलं. खऱ्या स्कॉटिश फोल्डचा कान ज्या जनुकामुळे दुमडतो तेच त्याची हाडं आणि सांधेही बिघडवतं. ते मांजर गोंडस दिसतं आणि दुखणं सोसत राहतं. चपट्या तोंडाचं मांजर आलं तर त्या मूत्रपिंडं सोनोग्राफीत बघून घेतात, कारण पर्शियनच्या वंशात मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार बऱ्यापैकी आढळतो.

रक्ताचंही तसंच. मांजरांत ए, बी आणि क्वचित एबी असे रक्तगट असतात. सयामी जवळजवळ सगळी ए, ब्रिटिश शॉर्टहेअर आणि डेव्हन रेक्समध्ये बी बऱ्याच जणांत. बी गटाच्या मांजराला ए रक्त पहिल्यांदाच दिलं तरी जिवावर बेतू शकतं. मग ‘आमचं ब्रिटिश मिक्स आहे’ हे सांगून काही उपयोग होतो का? नाही. साधं मांजरही बी असू शकतं. रक्त देण्याआधी तपासणी करायची म्हणजे करायचीच.

‘मग डीएनए टेस्ट करून टाकू’ असं म्हणणारे असतातच. एका बाईंनी खरंच केली. गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना पाठवला. या तपासण्या तुमच्या मांजराची तुलना त्यांच्याकडे जमा असलेल्या जातिवंत आणि साध्या मांजरांच्या नमुन्यांशी करतात. जुळलं तर जुळलं. बाईंचं कुठल्याच जातीशी जुळलं नाही, आणि त्या इतक्या खट्टू झाल्या की अहवालाचं पुढचं पान त्यांनी वाचलंच नव्हतं. मला तेच पान आवडलं. आखूड केसांची ती काळी मांजर लांब केसांची एक प्रत बाळगून होती आणि राखाडी रंगाचीही एक. म्हणजे नसबंदी झाली नसती तर तिला कधीतरी राखाडी झुपकेदार पिल्लू झालं असतं आणि कुणीतरी मला फोन करून विचारलं असतं की बाप कुठल्या जातीचा असेल.

मला खरा राग येतो तो या नावांमुळे जे मागे राहतात त्यांच्यासाठी. काळी, आखूड केसांची, कशाचीही मिक्स न वाटणारी मांजरं महिनोन्‌महिने आमच्याकडे असतात. ‘मिक्स’ लिहिलं की फोन येतात हे मला माहीत आहे. आमच्यातल्या काहींचं म्हणणं, लिहून टाकावं, घर मिळतंय ना? मी लिहीत नाही. ‘रॅगडॉल मिक्स’ म्हणून नेलेलं मांजर उचललं की अंग सैल सोडेल अशी लोकांची अपेक्षा असते, आणि ते बोचकारलं की परत आणून देतात. त्याऐवजी मी लिहिते: दार उघडलं की पळत येतो, उचललेलं आवडत नाही, शेजारी बसलेलं आवडतं. हे वाचून फोन कमी येतात, पण आलेले टिकतात.

आपापसात मात्र आम्ही पैजा लावतो. सध्याची पैज लांडीवर होती. लांडी म्हणजे जेमतेम बोटभर शेपटीची, नुकतीच आलेली. मांजरांत आखूड शेपटीची जनुकं खरोखर आहेत: आयल ऑफ मॅनच्या मँक्सचं एक आणि जपानी बॉबटेलचं त्याहून वेगळं. दोन्ही प्रभावी, एक प्रत पुरते. आमच्यातला एक तरुण जपानी बॉबटेलवर अडून बसला होता, कारण लांडी तिरंगी आहे आणि चित्रांतल्या बॉबटेल तशाच असतात. मी अपघातावर. जन्मतःच आखूड शेपटीत मणके कमी, वाकडे किंवा एकमेकांना चिकटलेले असतात. तुटलेल्या शेपटीत असतील तेवढे मणके सरळ आणि नीट असतात आणि मग एकदम शेवट होतो. नसबंदीआधी तिचा एक्स-रे काढायचाच होता. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला. मणके एकामागोमाग एक व्यवस्थित, आणि शेवटचा अर्ध्यात चिरडलेला, वर हाड भरून आलेलं. मी हात पुढे केला, पैजेचं काय म्हणून.

‘थांबा ताई,’ तो म्हणाला. ‘बॉबटेलला अपघात होत नाही का?’